संगणकाची किल्ली आपल्याच हाती

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजचा विषय तंत्रज्ञानाचा आहे. समोर विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत, निवृत्त ज्येष्ठ मंडळी आहेत आणि शाखेवरचे तरुण कार्यकर्तेही आहेत. म्हणून शक्य तितक्या सोप्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करतो. आपल्या घरच्या संगणकासाठी मुक्तस्रोत कार्यप्रणाली कोणती निवडावी आणि ती कशी बसवावी, एवढेच मला सांगायचे आहे. तथापि 'कशी' या प्रश्नाआधी 'का' या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही, तर पहिल्याच अडचणीला उत्साह मावळतो.

प्रश्न कोठे आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. सुरक्षाविषयक दुरुस्त्यांसाठी घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली. पुढची 'विंडोज ११' घ्यावी, तर तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी मध्यमवर्गीय घरांतील कितीतरी संगणक, ज्यांचे यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे, कळफलकाची एकही कळ निखळलेली नाही, ते केवळ एका कंपनीच्या निर्णयामुळे निरुपयोगी ठरू लागले. पर्यावरण रक्षणाचा आपण आग्रह धरतो आणि चालता संगणक भंगारात टाकतो, ही विसंगती नव्हे काय?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्याकडे घराघरांत परवाना न घेता बसवलेल्या प्रणाली वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. संगणक जुळवून देणारा 'सगळे टाकून देतो' म्हणाला, आपण मान डोलावली आणि विषय संपला. मुलांना आपण अस्तेय शिकवतो. दुसऱ्याच्या बागेतील फूल न विचारता तोडू नये, असे सांगतो. मग त्याच मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर चोरीची वस्तू का असावी? शिवाय कुलूप तोडून आणलेल्या अशा प्रतींसोबत विषाणू घरात शिरतात आणि आपल्या बँक व्यवहारांपर्यंत पोहोचतात. म्हणजे नीती आणि सुरक्षितता ही दोन्ही एकदमच गमावतो.

तिसरा प्रश्न राष्ट्रीय आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातमध्ये वाडीनार येथे आहे. निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-पत्रादी सेवा काही दिवस बंद ठेवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. तो प्रश्न घरच्या संगणकाचा नव्हता हे खरे. पण ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती दार, हे त्यातून दिसले. निर्णय ब्रुसेल्सला होतो आणि काम भारतात थांबते.

'मुक्त' म्हणजे फुकट नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्तस्रोत प्रणालीसाठी बहुधा पैसे पडत नाहीत, पण तिचे मर्म त्यात नाही. संगणकाला दिलेल्या आज्ञांची मूळ संहिता जिथे सर्वांसाठी खुली असते, ती मुक्त प्रणाली. ती कोणत्याही कामासाठी वापरावी, तिचा अभ्यास करावा, तिच्यात बदल करावेत आणि मूळ किंवा सुधारलेली प्रत इतरांना द्यावी, ही स्वातंत्र्ये तिच्या परवान्यातच दिलेली असतात. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहिला व सर्वांपुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून उभी राहिलेली प्रणाली आज जगातील बहुसंख्य सर्व्हर चालवते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे लिनक्स आपल्या घरात पूर्वीच आलेले आहे, फक्त त्याची ओळख नव्हती.

हे सारे कसे उभे राहिले, हे समजण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि सामान्य माणसाच्या एकेका पैशातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मुक्तस्रोताचा मार्ग हाच आहे. कोणी दहा ओळी लिहितो, कोणी एक चूक दाखवून देतो, कोणी पडद्यावरील शब्दांचे मराठी भाषांतर करतो. देणारा लहान असतो, साचलेले धन मात्र सर्वांचे होते.

परदेशी माणसाची प्रणाली स्वदेशी कशी?

हा आक्षेप कार्यकर्त्यांकडून हमखास येतो आणि तो रास्त आहे. लिनक्सचा जन्म भारतात झाला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण स्वदेशीचा अर्थ जन्मस्थळापुरता मर्यादित नाही. वस्तूवर ताबा कोणाचा, हा त्याचा खरा निकष आहे. जिची संहिता आपण वाचू शकतो, तपासू शकतो, बदलू शकतो आणि जी कोणी दूर बसून आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही, ती आपल्या स्वाधीन असते.

आपल्या देशाने हा मार्ग अवलंबलेलाही आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. याच सी-डॅकने पुढे डेबियन या मुक्त प्रणालीच्या पायावर भारतीय भाषांसह 'बॉस' ही प्रणाली विकसित केली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आंतरजालाशी जोडलेल्या आपल्या संगणकांवर 'माया' ही उबुंटूवर आधारित प्रणाली आणण्याचे ठरवले. केरळच्या शाळांतून दीर्घकाळ मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवला जातो. राजकीय विचार भिन्न असले, तरी चांगले उदाहरण घेताना संकोच कशाला?

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरवले. फ्रान्सचे जांदार्मरी हे पोलीस दल मात्र २००८ पासून उबुंटूवर टिकून आहे. केवळ प्रणाली उत्तम असून भागत नाही. वापरणाऱ्याची तयारी आणि चालवणाऱ्याचा निश्चय, दोन्ही लागतात. घरालाही हाच नियम लागू आहे. म्हणून घरातील सर्वांना विश्वासात घेऊनच हे काम करावे.

निवड कशी करावी?

लिनक्सच्या वितरणांची संख्या मोठी आहे आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. आपल्याला एवढे पुरे: ज्यांची सवय विंडोजची आहे, त्यांनी 'लिनक्स मिंट' घ्यावे. खाली डाव्या कोपऱ्यात यादीचे बटण, खालच्या पट्टीवर उघड्या खिडक्या, अशी त्याची मांडणी ओळखीचीच वाटते. संगणक जुना असेल, तर त्याचीच 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती निवडावी. तरुणांनी 'उबुंटू' घ्यायला हरकत नाही. तिचा वापर मोठा असल्याने अडचणींची उत्तरे सहज सापडतात. मात्र तिची दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्यावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते व तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

यंत्राची अट कठीण नाही. प्रोसेसर ६४-बिटचा हवा. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली, तर दहा वर्षांचा संगणकही नव्या उमेदीने धावू लागतो.

बसवण्याची रीत

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे प्रत काढणे. छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब असे सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि ती उघडून पाहावी. हे झाल्यावाचून पुढे जाऊ नये.

त्यानंतर वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रणालीची 'आयएसओ' फाईल उतरवावी. सोबत तिची एक तपासणी-संख्या दिलेली असते. उतरलेल्या फाईलची संख्या तिच्याशी जुळवून पाहावी. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली. नकलेत दोष शिरतात म्हणून शुद्ध प्रत हाती असली पाहिजे, ही दृष्टी आपल्या परंपरेत आहे. संगणकाच्या बाबतीत ती पाच मिनिटांत पाळता येते.

ही फाईल ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर नुसती उतरवून चालत नाही. 'रुफस' किंवा 'एचर' यांसारख्या आज्ञावलीने ती लिहावी लागते. त्यात पेनड्राईव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे. विंडोजमध्ये 'बिटलॉकर'चे कुलूप चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे.

आता पेनड्राईव्ह लावून संगणक सुरू करताना 'बूट मेनू' उघडावा. त्यासाठी कोठे एफ१२, कोठे एफ९, कोठे एस्केप अशी कळ असते. पेनड्राईव्ह निवडताच लिनक्स चालू होते आणि आपल्या डिस्कला अद्याप हातही लागलेला नसतो. ही फार मोठी सोय आहे. येथेच वायफाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा तपासावा, छपाई करून पाहावी. एखादा दिवस असेच वापरले तरी चालेल. समाधान झाले नाही, तर पेनड्राईव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. जुने सर्व जागच्या जागी असते.

समाधान झाल्यावर 'इन्स्टॉल' निवडावे. येथे दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने विंडोजशेजारी लिनक्स बसते आणि प्रत्येक वेळी कोणते हवे ते निवडता येते. दुसऱ्या वाटेने संपूर्ण डिस्क पुसली जाते. पहिले काही महिने पहिली वाटच बरी. पुढे कालविभाग कोलकाता निवडावा, नाव व परवलीचा शब्द द्यावा. साधारण अर्ध्या तासात काम पूर्ण होते. मग लगेच सर्व दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात आणि मिंटमधील 'टाइमशिफ्ट'ने प्रणालीची एक स्थिती जपून ठेवावी, म्हणजे पुढे काही बिघडले तर मागे येता येते.

मराठी आणि काही मर्यादा

घरात मुक्त प्रणाली आली की मराठीचा मान राखणे सोपे होते. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडावी. भारत शासनाने प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट पद्धतही मिळते आणि उच्चारानुसारी पद्धतही. लेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण यांसाठी 'लिब्रेऑफिस' आहे. मात्र युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेले जुने अहवाल येथे अनेकदा नीट वाचता येत नाहीत. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. संस्थांच्या कार्यालयांनी तर हे काम प्रणाली बदलो न बदलो, करावेच.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप हे विंडोजसाठी लिहिलेले आहेत. ज्यांचा चरितार्थ त्यांवर आहे, त्यांनी घाई करू नये. काही प्रिंटरना लिनक्सचा चालक मिळत नाही, काही डिजिटल स्वाक्षऱ्यांची साधने कुरकुर करतात. अशा घरांनी दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात. अभ्यास, पत्रव्यवहार, बँक, बातम्या, चित्रपट, छायाचित्रे ही सर्वसाधारण घराची कामे मात्र कोठेही अडत नाहीत.

आपले कर्तव्य

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विचार आपण घरोघरी नेत आहोत. त्यात स्वदेशी आहे, पर्यावरण आहे, कुटुंब प्रबोधन आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. माळ्यावर पडलेला एक जुना संगणक पुन्हा चालता करणे, हे काम लहान आहे. पण या चारही गोष्टींना ते स्पर्श करते. यंत्र वाचते, चोरीचा परवाना घरातून जातो, परावलंबन थोडे कमी होते आणि आई-वडील व मुले एका रविवारी एकत्र बसून काही शिकतात.

तरुण कार्यकर्त्यांकडे माझी एक मागणी आहे. प्रथम स्वतःच्या घरी हे करा, महिनाभर वापरा, अडचणींची वही ठेवा. त्यानंतर वस्तीतील एका अभ्यासिकेचा किंवा संस्कार केंद्राचा बंद पडलेला संगणक सुरू करून द्या आणि तो चालवायला तेथील दोन मुलांना शिकवा. प्रणाली बसवून निघून येऊ नका. मुलांच्या शंका संपेपर्यंत दर आठवड्याला जात राहा. ज्ञान दिल्याने वाढते, हे आपण सुभाषितांतून ऐकत आलो आहोत. येथे ते परवान्यातच लिहिलेले आहे. त्याचा लाभ घेणे आणि तो पुढच्या घरापर्यंत नेणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.