रोपे नकोत, ज्वारी द्या

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



मार्च महिन्यात मेळघाटातील आपल्या कामाच्या गावामागचा डोंगर जळाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी मी तुमच्याकडे रोपांसाठी मदत मागितली आणि तुम्ही ती सढळ हाताने दिली. त्या पैशांचे काय झाले, याचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे. त्यातून एकही रोप आणलेले नाही.

मोहाची फुले पडू लागली की झाडाखालचा पाचोळा पेटवतात, म्हणजे फुले स्वच्छ दिसतात आणि वेचता येतात. अशाच एका झाडाखालची आग वाऱ्याने सुटली. दोन रात्री डोंगर धुमसत होता. हा डोंगर जुन्या कोरकू माणसांच्या पारधीचा. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, तरी वाटा अजून सर्वांना माहीत आहेत.

तिसऱ्या दिवशी मी एका आजीबरोबर वर गेलो. चपलेतून राखेची धग लागत होती. मी म्हणालो, "आजी, सगळं संपलं." तिने काठीने राख बाजूला केली, गवताचा जळका बुंधा उकरला आणि खालची पांढरी मुळी दाखवली. "हे जिवंत आहे, भाऊ. हरणं येतील. ती आली की माणसाला सांभाळ."

या शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पंधरा-वीस दिवसांत ओढ्याकाठच्या ओलीवर कोवळे कोंब आले आणि राखेत चितळांचे खूर उमटले. चितळाला असे आखूड, ताजे गवत आवडते. सांबर पाल्यावर आणि आडोशावर जगणारे, म्हणून ते रात्रीच येई. पण जळालेल्या डोंगरावर लपायला झुडूप नसते. भुकेले जनावर उघड्यावर येते आणि लांबूनही दिसते. पूर्वीचे शिकारी हे जाणूनच गवत पेटवत असत.

एका पहाटे ओढ्याजवळ मला तारेचा फास सापडला. लावणारा तरुण आपल्या सभेला येणारा होता. मी त्याला रागाने बोललो, कायद्याची भीती घातली. तो खाली मान घालून म्हणाला, "मोह जळाला. घरात पीठ नाही. तुम्ही रोपं आणणार आहात म्हणे." मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी योएल संदेष्ट्याचा पहिला अध्याय वाचला. कुरणे आगीने खाल्ली, ओहोळ आटले, आणि रानातील पशूही देवाकडे आक्रोश करतात, असे तो सांगतो. त्याच अध्यायात ओसाड पडलेली कोठारे आहेत आणि रडणारा शेतकरीही आहे. मी हरणांचे दुःख पाहिले होते. त्याच डोंगराखालची रिकामी कणगी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाव बसले. आग कोणाच्या झाडाखालून सुटली हे सर्वांना माहीत होते, पण कोणी नाव घेतले नाही. आजी म्हणाली, "रोपं नकोत, ज्वारी द्या. डोंगर आपला आपण उगवेल." म्हणून देणगीदारांपैकी ज्यांना गाठता आले त्यांना विचारून आपण त्या पैशांची ज्वारी घेतली आणि धान्यकोठी सुरू केली. उसनी ज्वारी नव्या पिकातून परत करायची. आणि पाऊस लागून झुडपे वाढेपर्यंत डोंगरावर कोणी फास लावायचा नाही, असे ठरले. पाळीपाळीने दोघे जण ओढ्याकडे फिरू लागले. फास लावणारा तरुण पहिल्या पाळीला गेला.

जूनमध्ये पाऊस आला. सागाच्या जळक्या बुंध्यांना धुमारे फुटले. आता गवतात चितळांचा कळप दिसतो, पाडसांसह. भेकर मात्र अजून दिसलेले नाही. त्याला दाट झाडोरा लागतो. म्हणून वणवा बरा असे कोणी समजू नये. दरवर्षी आग लागली तर कोवळी रोपटी मरतात आणि पुढचे रान उभे राहत नाही.

मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड रान राखून हिरवे केले. रान राखणारी माणसे रानातच आहेत. त्यांच्या घरात पीठ असले पाहिजे.

या आठवड्यात पहिली ज्वारी कोठीत परत आली. आजच्या सणाच्या टेबलावरचे छोटे पोते त्यातलेच आहे. पुढच्या मार्चपूर्वी मोहाखाली पसरायला जाळ्या हव्या आहेत, म्हणजे पाचोळा पेटवावा लागणार नाही. या वेळी गावाला विचारून मागत आहे.

बंधुभगिनींनो, वणव्यानंतर परतणारा जीव फार उघडा असतो, मग ते हरीण असो की माणूस. त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि मी पुन्हा घाईने काही मागू लागलो, तर आजीला विचारलेस का, असे मला अवश्य विचारा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.