अंगणवाडी आणि आपण



१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि शाळेत न येणाऱ्या मुलाच्या अंगणातच शाळा नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' देशभर पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली; बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही सुचवला. परंतु पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळून शिकवणाऱ्या या सेविकेच्या हाती आजही वेतन नव्हे, मानधनच पडते. जिला शिक्षिकेचा दर्जा द्यायचा नाही, तिच्याकडून पाया भक्कम करण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने धरावी? या ग्रंथालयाचा उद्याचा वाचक आज तिच्याचकडे गोष्ट ऐकत बसला आहे.