शेजारच्या घरातली यादवी आणि आपले जवान
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



परक्या देशात यादवी माजली तर आपण तेथे सैन्य पाठवावे काय, ही चिठ्ठी माझ्या वाट्याला आली. सातवी शिकलेल्या बाईने राजकारणावर काय बोलावे! चिठ्ठी बदलून द्या, असे मी चिटणीसबाईंना म्हटलेही. पण मग माझा मामा आठवला. तो पलटणीत होता, आणि १९८७ साली श्रीलंकेला गेला. मी तेव्हा अगदी लहान. आजी रोज पोस्टमनची वाट पाहात ओट्यावर बसे, एवढे मात्र पक्के आठवते. तेव्हा मी लंकेविषयीच बोलणार आहे.

आपल्या आयांना लंका ठाऊक होती ती रेडिओ सिलोनच्या गाण्यांमुळे. तेथे सिंहली पुष्कळ, तमिळ थोडे. १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केले आणि मने फाटत गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरेदारे जाळली, माणसे मारली. हजारो निर्वासित होड्यांतून आपल्या किनाऱ्याला लागले. त्यांना आपण आसरा दिला, हे योग्यच केले. परंतु त्याच सुमारास तिकडच्या तमिळ तरुणांना आपण गुपचूप हत्यारे दिली, ती चालवायलाही शिकविले. एका हाताने तांदूळ द्यायचे नि दुसऱ्या हाताने काडेपेटी! माझ्या मते खरी चूक तेथे झाली. फौज मागाहून गेली ती ते निस्तरायला.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी करार केला. आपली शांतिसेना जाफन्यात उतरली तेव्हा लोकांनी जवानांना हार घातले. पण करार दोन सरकारांचा. ज्यांच्या हाती बंदुका होत्या त्या प्रभाकरनच्या वाघांची त्यावर सही नव्हती. ऑक्टोबरात त्यांची नि आपलीच जुंपली. जाफन्याच्या विद्यापीठाजवळ रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख पलटणीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. मेजर परमेश्वरन, जन्माने मुंबईचे, महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबरला पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आणि त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या इस्पितळात आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका, रोगी मेले. हे बोलताना जीभ अडखळते. पण जवानांचे शौर्य सांगायचे नि हे पदराखाली झाकायचे, हे मला जमत नाही.

बट्टिकलोआ गावची एक बाई होती, अन्नै भूपती. अन्नै म्हणजे आई. दहा मुलांची माता. लढाई थांबवा आणि वाघांशी बोलणी करा, एवढे मागत ती १९ मार्च १९८८ रोजी देवळात उपोषणाला बसली आणि महिन्याने मेली. ज्या तमिळ आयाबहिणींना वाचवायला आपण गेलो, त्यांच्यातलीच एक आपल्याविरुद्ध अन्न सोडून बसली! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. येथे तिसरा दोन्हीकडून मार खाऊन आला. कारण पुढे लंकेच्या प्रेमदासा सरकारनेही ‘आता निघा’ म्हटले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली, तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींचा जीव घेतला तो त्याच वाघांनी. तिकडची लढाई मात्र २००९ च्या मेपर्यंत चाललीच.

मग १९७१ चे काय, असे कोणी विचारील. रास्त आहे. तेव्हा एक कोट निर्वासित आपल्या दारी होते, तिकडच्या जनतेने निवडणुकीत आपला कौल दिला होता, आणि काम होताच मार्च १९७२ पर्यंत फौज माघारी आली. अशी वेळ असेल तर मीही ‘जा’ म्हणेन. पण एरवी धान्य, औषध, आसरा द्यावा. कुणाच्या हाती बंदूक देऊ नये नि पोरेही धाडू नयेत, असे माझे मत आहे.

मामा सुखरूप आला. लंकेचे नाव काढले की उठून अंगणात जाई. एकदाच आजीने विचारले, “तिकडच्या बायका कशा रे?” तो म्हणाला, “तुझ्यासारख्याच. आधी शहाळी आणून द्यायच्या. पुढे आम्हांला पाहिले की मुलांना आत ओढून दार लावून घ्यायच्या.”

एवढे बोलून मी खाली बसते.