पौरुष हॉर्मोने आणि जनुकांचा कारभार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बसवनगुडी येथे दिलेले भाषण)



याच बसवनगुडीत, नॅशनल कॉलेजमध्ये, १९६२ पासून बंगलोर सायन्स फोरमने सामान्य श्रोत्यांपुढे विज्ञान मांडले. तेव्हा येथे विज्ञानावर बोलण्याचा आम्हांस संकोच नाही. संकोच आहे तो विषयाचा. लालबागेत सकाळी फिरावयास येणारी आमच्या वयाची मंडळी रक्तातील साखरेचे आकडे एकमेकांस मोठ्याने सांगतात. पी. एस. ए.चा आकडा मात्र खिशातच राहतो. रात्री चारदा उठावे लागते, हे पत्नीसही सांगावयाचे नाही, अशी आपल्या घरांची रीत! त्या आकड्यामागे काय घडते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन रक्तावाटे सर्वत्र जाते. पेशी निरनिराळ्या असल्या तरी त्यांतील जनुकांचे दफ्तर एकच असते. कोणत्या पेशीने कोणता कागद उघडावा, एवढाच प्रश्न. प्रोस्टेट, म्हणजे विश्वकोशातील अष्ठीला ग्रंथी, तारुण्यात अक्रोडाएवढी असते. तिच्या पेशींत एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते. ते एका ग्राही प्रथिनास चिकटते. तोवर स्वस्थ असलेले हे प्रथिन मग केंद्रकात शिरते, जोडीने डी. एन. ए.वरील ठराविक जागी बसते आणि तेथून जनुकास जागे करते. जनुकाची आर. एन. ए.मध्ये नक्कल निघते आणि नकलेबरहुकूम प्रथिन घडते. पी. एस. ए. हे असेच एक प्रथिन. घट्ट झालेले वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. त्यातील किंचित अंश रक्तात उतरतो, तोच प्रयोगशाळा मोजते. मुंबईस परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. ए. आर. शेठ व त्यांचे सहकारी यांनी प्रोस्टेटमधूनच वीर्यात येणाऱ्या, ९४ अमिनो आम्लांच्या दुसऱ्या एका प्रथिनावर काम केले.

गंमत अशी, की या ग्राही प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पौरुषाचा हा कारभारी मुलास आईकडूनच मिळतो! तो पूर्णतः निकामी असेल, तर वृषणे व टेस्टोस्टेरॉन असूनही शरीर बाह्यतः स्त्रीचे घडते. हुकूम आहे, पण बजावणारा नाही.

चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले, की पौरुष हॉर्मोन काढून घेतले असता प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही मागे हटतो. त्यांस १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील काही मुलांत वर सांगितलेले एन्झाइम जन्मतः कमी होते; मोठेपणीही त्यांचे प्रोस्टेट लहानच राहिले. या एन्झाइमास अडविणारी फिनास्टेराइड ही गोळी १९९२ पासून वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत मिळू लागली आणि आज आपल्याकडेही ती सर्रास दिली जाते.

आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही तो चढतो. उलट ही गोळी सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर जनुकास मिळणारा हुकूमच क्षीण होतो आणि आकडा सुमारे निम्मा होतो. म्हणून गोळी चालू असता आलेला ३ हा आकडा डॉक्टर ६ धरून वाचतात. गोळीचे नाव मात्र त्यांना कोणी तरी सांगितलेले असावे लागते.