रंग उतरलेलं फूल



आम्ही गिरणीत साच्यावर काम केलेली माणसं. कोऱ्या कापडात विणीतला दोष दिसतो, रंग चढला की तो लपूही शकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. फुलाचंही तसंच. कृष्णधवल फोटोत रंग जातो आणि पाकळीची घडी, शिरा, देठाचा बाक नजरेत भरतो.

जर्मनीतले कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) यांनी हेच काम तीसेक वर्षे केले. तरुणपणी ते लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात उमेदवार होते. पुढे बर्लिनला कलाशिक्षक झाले. विद्यार्थ्यांना नमुने दाखवायचे म्हणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी फुलं, कळ्या, कोंब कित्येक पट मोठे करून टिपले. मागे साधा पुठ्ठा, बाजूने दिवसाचा उजेड, बस्स! बागेतली महागडी फुलं नव्हेत. लोक ज्याला तण म्हणतात, ते रस्त्याकडेचं रोपटं त्यांनी निवडलं. १९२८ साली, साठी उलटल्यावर, त्यांचे पुस्तक निघाले आणि जगाने त्यांची दखल घेतली.

मित्रहो, आज मोबाइलमध्येही कृष्णधवल फोटो निघतो. मुलांना गटाराकडेच्या गवतफुलाजवळ घेऊन बसा. ज्याला कुणी फूल म्हणत नाही, त्याचा घाट बघायला त्यांना शिकवा.

जय भीम!