हिंदुरावांची टेकडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानासाठी विषय कोणता, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा आम्ही ‘रिज’ असे उत्तर दिले आणि ते क्षणभर स्तब्ध झाले. सुवर्णमहोत्सवात मंडळाच्या गणेशोत्सवाविषयी, नाटकांविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच होती. पण आमची खात्री आहे की, विषय मंडळाबाहेरचा नाही. आम्ही वनस्पतिशास्त्राचे वा इतिहासाचे पंडित नव्हे. बी. ए.च्या पदवीवर केंद्र सरकारच्या फायली हाताळण्यात आमची हयात गेली. जे सांगणार आहोत, ते पायी चालून आणि थोडेफार वाचून मिळालेले आहे.

१९९४ साली आमची दिल्लीस बदली झाली आणि तिमारपूरच्या सरकारी वसाहतीत बिऱ्हाड थाटले. पहिल्याच रविवारी शेजाऱ्यांनी ‘पहाडी’ दाखवायला नेले. पर्वती, तळजाई पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना तो उंचवटा पाहून हसू आले. पुढे कळले की हा अरवलीचा शेवटचा फाटा. भारतातील अतिप्राचीन पर्वतरांग झिजत झिजत येथवर येते आणि वझिराबादजवळ यमुनेच्या काठी संपते. वृद्धाच्या ठेंगणेपणास हसू नये, हा पहिला धडा आम्हाला त्या टेकडीने दिला. एके काळी वेशीबाहेर असलेल्या या रानाला आज शहराने चोहोंकडून वेढले आहे. आम्ही आलो त्याच वर्षी, १९९४ साली, दिल्लीतील रिजचे सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित झाले. उत्तरेकडील आपली टेकडी हा त्याचा एक लहानसा तुकडा.

पण या तुकड्यावर इतिहासाची केवढी दाटी! मेरठेहून फिरोजशहा तुघलकाने आणलेला अशोकस्तंभ येथे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभा केला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि विनाकारण वने जाळू नयेत, अशी आज्ञाही आहे. सरकारी नोकराच्या दृष्टीने पाहता ही वनरक्षणाची फार जुनी अधिसूचनाच म्हणायची. थोडे पुढे १८२८ सालचा फ्लॅगस्टाफ टॉवर. ११ मे १८५७ रोजी शहरातून पळालेली इंग्रज कुटुंबे तेथे जमली होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजी फौजेने याच टेकडीच्या आडोशाने दिल्लीवर तोफा रोखल्या. त्या लढाईचे स्मारक इंग्रजांनी १८६३ साली बांधले. १९७२ साली त्याचे नाव ‘अजितगढ’ झाले आणि त्यांनी ज्यांना शत्रू म्हटले होते, ते हुतात्मे ठरले.

आणि या सर्वांच्या मधोमध एक मराठी नाव आहे. हिंदुराव घाटगे हे कागलच्या घाटग्यांपैकी. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचा १८३५ साली खून झाला. पुढे टेकडीवरील त्याचे घर हिंदुरावांनी घेतले. सत्तावन्न साली ते घर इंग्रजांचे मोक्याचे ठाणे बनले, पुढे तेथे इस्पितळ झाले. आज रिक्षावाल्यापासून बाळंतिणीपर्यंत सारी उत्तर दिल्ली ‘हिंदूराव’ म्हणते. मात्र ते कोण होते, हे कोणासही ठाऊक नसते. पलीकडच्या वस्तीस ‘बाडा हिंदूराव’ म्हणतात, त्यात आम्हाला आपला वाडा ऐकू येतो. परप्रांती वंश वा वैभव टिको न टिको, रुग्णाला आसरा देणाऱ्या जागेला आपले नाव असणे, याहून मोठे भाग्य कोणते?

आता आमच्या एका अपराधाची कबुली. दिल्लीकर मंगळवारी मारुतीच्या नावाने टेकडीवरील माकडांना केळी घालतात. आमचा वार शनिवार. म्हणजे माकडांना आठवड्यातून दोन मेजवान्या! कित्येक वर्षे आम्ही पिशवी भरून केळी नेली आणि पुण्य जोडल्याच्या समाधानाने उतरलो. २००७ साली उच्च न्यायालयाने शहरातील माकडे दक्षिणेकडील असोला-भाटी अभयारण्यात हलविण्याचा आदेश दिला, तेव्हाही आम्ही वर्तमानपत्र वाचून बाजूला ठेवले. मग एका सकाळी आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली औषधांची पिशवी एका हुप्प्याने ओढली. त्या पडल्या, मनगट मोडले. दवाखान्यातून परतताना त्या शांतपणे म्हणाल्या, “त्याचं काय चुकलं? पिशवीत केळी असतात, हे त्याला तुम्हीच शिकवलंत.” या वाक्यावर आम्हाला आजवर उत्तर सापडलेले नाही. त्या दिवसापासून आमची पिशवी रिकामी जाते आणि वाटेवरचा प्लॅस्टिकचा कचरा भरून परत येते.

याहून खोल दुखणे झाडांचे आहे. टेकडीवर दिसते ती हिरवाई बहुतांशी विलायती किकराची, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची. अमेरिका खंडातले हे झाड इंग्रज अमदानीत येथे आणले गेले. ते झपाट्याने वाढते, पाण्यावाचून तगते, गुरे त्याचा पाला खात नाहीत. परंतु ते आपल्या सावलीत इतरांना सहसा वाढू देत नाही. मूळचा धौ, जो आपल्या धावड्याचा भाऊबंद. हिंगोट, म्हणजे आपले हिंगणबेट. आणि पळस, हे सारे कोपऱ्यात सरले. मंडळींनो, बाहेरून आलेले आपणही आहोत. बाहेरून येणे हा दोष नव्हे. आल्यावर जुन्यांना जागा न ठेवणे, हा दोष.

दोन वर्षांनी आम्ही निवृत्त होऊ. पुण्यास परतणार की नाही, असे सारे विचारतात. आमच्या मुलीने परवा वेगळाच प्रश्न केला, “बाबा, तुम्ही तीस वर्षे दिल्लीला बदलीचं गाव म्हणता. मी तर इथंच जन्मले. मग माझं गाव कुठलं?” आम्ही तिला टेकडीवर नेले आणि पळस दाखवला. तिने त्याला ‘टेसू’ म्हटले, आम्ही ‘पळस’. झाड एकच होते.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. महिन्यातील एका रविवारी आपण मुलाबाळांसह टेकडीवर जावे. माकडांना काही घालू नये, कचरा मागे ठेवू नये, आणि प्रत्येक मुलाने एका झाडाचे नाव येथल्या भाषेत व आपल्या भाषेत शिकून यावे. मंडळाची शताब्दी पाहायला आम्ही नसू. पण तेव्हा ती मुले याच सभागृहात बसलेली असावीत आणि टेकडीवर धौ वाढलेला असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.