रेघ कोणी आंखली?
(एका तालमीच्या नव्या हौद्याच्या उद्घाटनप्रसंगीं केलेलें भाषण)



नव्या हौद्यांत आज माती पडली. हळद, ताक, तेल, लिंबू घालून पोरांनीं ती मळली आणि मला म्हणालीं, कुस्त्या लागण्याआधीं दोन शब्द बोला. मी पैलवान नव्हे. लहानपणीं हुतूतू खेळलों एवढाच माझा पराक्रम, तेव्हां सुरुवात तेथूनच करतों.

हुतूतूंत आधीं फक्कीनें रेघा आंखतात, आणि त्या दोन्ही बाजूंच्या गड्यांदेखत. मग रेघेबाहेर पाय पडला तर मोलकऱ्याचा मुलगा बाद आणि पाटलाचाही बाद. चढाईला गेलेल्याचा दम तुटला तर तो कोणाच्या घरचा, हें पंच विचारीत नाहीं. म्हणून हरलेलाही रेघ मानतो. कुस्तींत पाठ टेकली कीं चीत. पण चावून किंवा डोळ्यांत बोट घालून ज्यानें ती टेकविली, त्याला गांवांत तोंड दाखवायची चोरी. कोणी म्हणतील, या रेघा हव्यात कशाला? पुसून पाहा. मग उरते ती मारामारी, आणि मारामारींत ज्याची काठी मोठी त्याची सरशी. रेघेची गरज श्रीमंतापेक्षां गरिबाला अधिक आहे.

पण आपल्या देशांत दुसरीही एक रेघ होती. चांभार समाजांत जन्मलेले बाळू पालवणकर पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यांत मैदानावर चाकरी करीत आणि साहेबांच्या सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकीत. त्यांच्या तोडीचा गोलंदाज दुसरा सांपडेना, तेव्हां तेथल्या हिंदु मंडळींनीं त्यांना आपल्या संघांत घेतलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सारे झेलीत. चहाच्या वेळीं मात्र मंडळी आंत आणि बाळू बाहेर, हातांत टाकून द्यायचें मातीचें भांडें. चेंडू तर चामड्याचा! तो विटाळत नव्हता, पेला विटाळत होता. १९११ सालीं हिंदी संघाबरोबर ते विलायतेस गेले व त्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले. तरी हिंदूंच्या संघाचे कप्तान म्हणून त्यांची नेमणूक झाली नाहीं. तो मान त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना १९२३ सालीं मिळाला, आणि त्या सालीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले.

चेंडू टाकतांना पाय कोठें ठेवावा, हा नियम बाळूंना होता तसाच ब्राह्मण गड्यालाही होता. चहा कोठें प्यावा, हा नियम एकट्या बाळूंना होता, आणि तो करतांना त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

टाळ्या वाजवूं नका, पुढचें ऐका. भटजीला नांवें ठेवण्यांत आपण मोठे तरबेज. माझ्या लहानपणीं एका तालमीच्या उंबऱ्याबाहेर मातंगाचा एक मुलगा रोज बसून डाव पाही. आंत घुमणारे आम्ही कोण? कुणबी, माळी, सुतार, कुंभार. भटजी तालमीकडे फिरकतही नसे. ती रेघ आम्हीच राखीत होतों. १९५० सालीं लागू झालेल्या घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता मोडीत काढली, त्यालाही तेव्हां कित्येक वर्षें लोटलीं होतीं. जत्रेच्या कुस्त्यांना त्या मुलाच्या बापाला हलगी वाजवायला बोलावीत आणि हौद्याच्या कडेला उभें करीत. मी त्या मुलाला एकदांही आंत ये म्हणालों नाहीं.

आणि जी हद्द खरोखर आपल्या हिताची, ती मात्र आपण खुशाल ओलांडतों. शेजाऱ्यानें पांचशे पानें उठविलीं म्हणून आपण हजार उठवायचीं, आणि पोरीच्या लग्नानंतर शेत सावकाराकडे. १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवांचून, थोड्या खर्चांत लग्नें लागतात हें करून दाखविलें. आपण त्यांची तसबीर लावली, तिला हार घातला आणि मांडव आणखी दोन खण वाढविला! ज्याची त्याची हद्द त्याच्या सातबाऱ्यावर लिहिलेली असते; ती वाचायला पंचांग लागत नाहीं.

असो. तालमीच्या चालकांजवळ माझें एक मागणें आहे. दाराशीं नियमांची पाटी लावणार आहां. पहाटे वेळेवर यावें, वस्तादाचा शब्द मानावा, हें सारें लिहा. पण पहिल्या ओळींत लिहा कीं गांवच्या कोणत्याही वस्तींतला मुलगा या हौद्यांत उतरेल आणि सारे एकाच घागरीचें पाणी पितील. ती घागर आजच भरून ठेवा. पहिल्या जोडींतला एक पोरगा हलगीवाल्याच्या घरचा आहे, असें मला आतांच कळलें. पंचांनीं जोड आंत घ्यावी. मी खालीं बसतों.